मन्रोंच्या यादीत डोंगर कशाच्या बळावर बसतो?

धागाकर्ता : खिंडवाट

स्कॉटलंडमधील ३,००० फुटांपेक्षा, म्हणजेच ९१४.४ मीटरांपेक्षा उंच असलेल्या स्वतंत्र डोंगरांना तिथे ‘मन्रो’ म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात या डोंगरांची कोष्टके प्रथम छापली. त्यांत ५३८ माथे होते आणि त्यांपैकी २८३ माथ्यांना त्यांनी स्वतंत्र डोंगर मानले होते. उरलेले ‘टॉप’, म्हणजे कुठल्या ना कुठल्या मोठ्या डोंगराचे उपमाथे. यादी आजही तोच क्लब सांभाळतो आणि सध्या तिच्यात २८२ डोंगर आहेत. मी अकरा वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो आहे आणि या यादीच्या आधाराने माझे बहुतेक शनिवार-रविवार गेले आहेत, त्यामुळे तिच्याविषयी मनात असलेली तक्रार ममत्वातूनच आलेली आहे, हे आधीच सांगतो.

मन्रो होण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली उंचीची, दुसरी स्वतंत्र असण्याची. यांपैकी पहिली अट आपण आता विलक्षण काटेकोरपणे पाळतो. ‘स्गूर नन क्यानिखन’ हा डोंगर नकाशावर ९१५ मीटर होता. उपग्रहाधारित उपकरणांनी मोजल्यावर तो ९१३.४३ मीटर भरला आणि २००९ साली यादीतून उतरला. ‘बेन अ ख्लायव’ नकाशावर ९१६ मीटर होता; तो ९१३.९६ भरला, म्हणजे तूट अर्ध्या मीटरचीही नाही, आणि २०१२ साली तोही गेला. फिशरफील्डच्या रानातली सहा मन्रोंची प्रसिद्ध फेरी त्या दिवसापासून पाच मन्रोंची झाली. मला या निर्णयांबद्दल काहीच म्हणायचे नाही. रेषा आखली की ती पाळायला हवी.

माझा प्रश्न दुसऱ्या अटीचा आहे. ग्लेन को या दरीच्या तोंडाशी ‘बुआखल एटिव्ह मोर’, म्हणजे एटिव्हचा थोरला गुराखी, उभा आहे. तो एक डोंगर नसून लांबलचक धार आहे. तिच्या ईशान्य टोकाला स्टॉब जेराक हा सर्वोच्च माथा, नैर्ऋत्य टोकाला ९५६ मीटर उंचीचा स्टॉब ना ब्रोइगे, आणि या दोघांच्या मध्ये १,०११ मीटर उंचीचा स्टॉब ना दोइरे. १९९७ च्या फेरतपासणीत स्टॉब ना ब्रोइगेला मन्रोचा दर्जा मिळाला. स्टॉब ना दोइरे मात्र उपमाथाच राहिला. तो ब्रोइगेपेक्षा ५५ मीटर उंच आहे, दोन्ही बाजूंनी खोल खिंडींनी तुटलेला आहे, आणि स्टॉब जेराकवरून ब्रोइगेकडे जाताना त्याच्या डोक्यावरूनच जावे लागते. खिंडीतून वर चढताना समोर जो घाटदार सुळका दिसतो, तो पाहून हा ‘स्वतंत्र नाही’ असे कुणाच्या मनात येईल, हे मला कळत नाही.

उंचीच्या बाबतीत ४४ सेंटिमीटरांची तूट आपण माफ केली नाही. मग स्वतंत्रपणाच्या बाबतीत कुठलीच लेखी कसोटी नसावी, हे कसे चालते? माझे म्हणणे असे की, क्लबने एक कसोटी ठरवून ती छापावी, आणि तिला जिथे अपवाद करायचा असेल तिथे त्या त्या डोंगराच्या नावापुढे अपवादाचे कारण लिहावे.

प्रतिसाद : सह्यधार

आपल्या मांडणीतली कळकळ पोहोचली, पण निष्कर्ष पटला नाही. मन्रो यांनी १८९१ साली कसोटी लिहिली नाही, यात त्यांची चूक झाली असे आपण गृहीत धरता. मला ते शहाणपणाचे वाटते. डोंगर वेगळा आहे की नाही, हे त्याच्याकडे बघणारा, त्याच्या पायथ्याशी राहणारा आणि त्याला नाव देणारा माणूस ठरवत आला आहे. आपल्याकडे कळसूबाईच्या रांगेत अलंग, मदन आणि कुलंग एकाच धारेवर बसलेले आहेत. त्यांच्यामधल्या खिंडी किती मीटर खोल आहेत हे विचारून कुणी त्यांना तीन गड म्हटले नाही. तिन्हींना तीन नावे होती, तिन्हींवर तीन वेगळ्या वाटांनी चढावे लागत होते, एवढे पुरेसे होते.

शिवाय मन्रो हे कुणी कचेरीत बसून आकडे जुळवणारे गृहस्थ नव्हते. ज्या डोंगरांची त्यांनी वर्गवारी केली, त्यांतले बहुतेक ते आयुष्यभरात स्वतः चढले. अशा माणसाच्या नजरेला मी खिंडीच्या खोलीपेक्षा जास्त मान देतो.

प्रतिसाद : मोजपट्टी

मन्रोंच्या नजरेला मान द्यायचा, तर तिचे काय झाले आहे तेही पाहू. केर्नगॉर्म पर्वतरांगेत बेन मॅकडुई, ब्रेरिआख या डोंगरांच्या परिसरातला स्गोर अन लोखन वान्ये १,२५८ मीटर उंच आहे. स्कॉटलंडमधला हा पाचव्या क्रमांकाचा उंच डोंगर. त्याला मन्रोंनी स्वतंत्र मानले नाही, आणि १९९७ साली क्लबने मानले. याच्या उलट कार्न क्लोख वूलिन हा डोंगर मन्रोंनी स्वतंत्र मानला होता, इतकेच नव्हे, तर आपल्या यादीतला शेवटचा डोंगर म्हणून तो त्यांनी राखून ठेवला होता. १९१९ साली ते वारले, त्यावर चढून यादी पूर्ण करायचे राहून गेले, आणि १९८१ साली क्लबने त्याला उपमाथा ठरवले. तेव्हा आज आपण पाळतो ती मन्रोंची नजर नाही. ती दर पिढीतल्या संपादकांची नजर आहे आणि तिच्या मागची कारणे आपल्याला कुणी सांगत नाही.

उपाय सोपा आहे आणि तो स्कॉटलंडमध्येच वापरात आहे. मन्रोंच्या खालच्या पायरीवरचे, म्हणजे २,५०० ते ३,००० फुटांमधले डोंगर ‘कॉर्बेट’ म्हणून ओळखले जातात. जॉन रूक कॉर्बेट यांनी केलेली ही यादी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या बहिणीने क्लबकडे सोपवली. तिथे नियम असा की, डोंगराचा माथा त्याला जोडणाऱ्या खिंडीपासून सर्व बाजूंनी किमान ५०० फूट वर उठलेला असला पाहिजे. हा नियम मन्रोंना लावावा. त्यावर वाद होण्यासारखे काही उरणार नाही.

प्रतिसाद : कातळ

वाद उरणार नाही, कारण डोंगरच उरणार नाहीत. ५०० फुटांची कसोटी लावली, तर ज्या स्गोर अन लोखन वान्येसाठी आपण बोलता तोच बाहेर जाईल, आणि धागाकर्त्यांचा स्टॉब ना दोइरे तर आत येणारच नाही. तो या कसोटीला थोडक्यात का होईना, पण कमी पडतो. स्काय बेटावरच्या कुलिन रांगेत ‘अम बाश्तेर’ नावाचे ९३४ मीटर उंचीचे काळ्या कातळाचे पाते आहे. शेजारचे माथे त्याच्या अगदी जवळ असल्यामुळे मधल्या खिंडीची खोली फारशी नाही, आणि म्हणून आपल्या नियमाने तेही बाहेर. त्या पात्यावर मी एकदा चढलो आहे. दोन्ही बाजूंना खोल दरी, हाताला गार कातळ आणि मध्येच अशी एक पायरी की जिथे सोबत्याने दोर धरला नसता तर मी मागे फिरलो असतो. त्याला शेजारच्या डोंगराचा उपमाथा म्हणणाऱ्या माणसाने ते पाते पाहिलेले नाही, असेच मी म्हणेन. याउलट केर्नगॉर्मच्या पठारावर एखादी रुंद गवताळ गोलाई ५०० फूट वर उठली, की तिला बिनबोभाट जागा मिळेल.

खिंडीची खोली एकच गोष्ट सांगते. माथ्याचा आकार, त्यावर जाण्याची वाट आणि त्या वाटेचा कस या गोष्टी तिला दिसत नाहीत.

धागाकर्ता : खिंडवाट

कातळ यांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि मोजपट्टी यांच्या नियमापासून मी स्वतःला वेगळा करतो. ५०० फुटांची कसोटी मन्रोंना लावणे म्हणजे कुलिनची निम्मी ओळख पुसणे होय. परंतु एका आकड्याने काम भागत नाही, यावरून आकडाच नको असे ठरत नाही.

आल्प्समध्ये हाच प्रश्न आला होता. ४,००० मीटरांवरच्या शिखरांची अधिकृत यादी गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९४ साली केली, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी लिहून ठेवल्या. माथा शेजारच्या सर्वांत उंच खिंडीपासून किमान ३० मीटर वर असावा ही पहिली. त्याचा आकार आणि ठसा ही दुसरी. गिर्यारोहणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व ही तिसरी. त्यातून ८२ शिखरांची यादी तयार झाली. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, त्या यादीत न बसलेल्या ४६ माथ्यांची वेगळी यादीही सोबत दिली. कोण आत आहे आणि कोण दारापर्यंत येऊन थांबले आहे, हे दोन्ही वाचकाला कळते. ३० मीटर हा आकडा स्कॉटलंडला तसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही, पण निकषांची नावे घेऊन बोलण्याची ही रीत घेता येईल.

सह्यधार यांनी अलंग, मदन, कुलंग यांचे उदाहरण दिले ते मला फार आवडले, मात्र ते माझ्या बाजूचेही आहे. त्या तिघांना वेगळे का मानायचे याची कारणे त्यांनी एका वाक्यात सांगितली : तीन नावे, तीन वाटा. स्टॉब ना ब्रोइगेबद्दल असे एक वाक्य मला क्लबकडून हवे आहे. तो धारेच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मुख्य माथ्यापासून दूर आहे, हे कारण असेल तर ते वाईट नाही. पण मग अंतर हाही निकष आहे असे म्हणा, आणि तो इतर धारांनाही लावा.

प्रतिसाद : जुनी कोष्टके

एक तिसरा पर्याय इथे कुणी मांडलेला नाही. मन्रोंच्या टिपणांच्या आधाराने सुधारलेली कोष्टके त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ साली निघाली. यादी तिथेच गोठवावी. १९९७ साली एकदम आठ माथ्यांना बढती मिळाली, तेव्हा ज्यांनी आयुष्याची तीस-चाळीस वर्षे घालून यादी पूर्ण केली होती त्यांच्यापैकी अनेकांना म्हातारपणी पुन्हा बेन एय या डोंगराच्या घसाऱ्यावर जावेसे वाटले, कारण त्याचा स्पीदन कोइरे नन क्लाख हा माथा आता मोजायचा झाला होता. ए. ई. रॉबर्टसन या पाद्रींनी १९०१ साली यादी पूर्ण केल्याचे मानले जाते. त्यांच्या आणि माझ्या यादीत फरक असावा, याने मला या परंपरेत सामील झाल्यासारखे वाटत नाही. ऐतिहासिक दस्तऐवज दुरुस्त करायचा नसतो.

धागाकर्ता : खिंडवाट

आपण १९२१ म्हणता, पण त्या आवृत्तीनेच मूळ दस्तऐवजात दुरुस्ती केलेली आहे. स्काय बेटावरच्या कुलिन रांगेतल्या स्गूर जेराकच्या माथ्यावर कातळाची जी उभी फळी आहे, जिला ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’ म्हणतात, ती शेजारच्या माथ्यापेक्षा उंच असूनही मन्रोंच्या १८९१ च्या कोष्टकात उपमाथा होती. तिला मन्रोचा दर्जा १९२१ साली मिळाला. म्हणजे यादी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला आज जो एकमेव माथा दोराशिवाय सहसा गाठता येत नाही, आणि जो मन्रोंना स्वतःला कधीच गाठता आला नाही, तो आपण म्हणता त्या आवृत्तीनेच सक्तीचा केला. रॉबर्टसन यांच्यासारखीच यादी हवी असेल, तर १८९१ वर थांबावे लागेल आणि ती फळी सोडून द्यावी लागेल. यादी बदलत आली आहे, ती पुढेही बदलेल. मला तिचे बदल सकारण हवे आहेत, एवढेच.

प्रतिसाद : जुनी कोष्टके

१९२१ च्या बाबतीत आपला मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. पिनॅकलवर मीही गेलो आहे आणि ती वगळलेली यादी मला नको आहे.

प्रतिसाद : रानवारा

या चर्चेत जमिनीचा विचार कुणी केला नाही म्हणून लिहिते. माथा यादीत आला की त्याच्यावर पाऊल वाढते. पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, ओली जमीन पावलांनी एकदा फाटली की पाणी तिला आणखी फाडत जाते आणि एका पायवाटेच्या जागी काही वर्षांत दहा पावले रुंद काळा चिखल होतो. बेन अ ख्लायव यादीतून गेला याचे मला दुःख झाले नाही. त्याच्यासाठी सक्तीने येणारे लोक कमी झाले असतील तर त्या उतारांना तेवढीच उसंत. आपण कारणे मागता आहात ते रास्त आहे, परंतु कारणांच्या यादीत ‘ही वाट एवढी वर्दळ सोसेल का’ हेही एक कारण असू द्या. नवा माथा यादीत घालण्याआधी त्याची वाट कोण बांधणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, हे ठरायला हवे.

प्रतिसाद : सह्यधार

रानवारा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो यादीचा निकष होऊ शकत नाही. जमीन ओली आहे म्हणून डोंगर कमी डोंगर ठरत नाही. खिंडवाट यांच्याशी माझे एका गोष्टीवर जमते आहे : कारण लिहावे. आकडा छापावा की नाही, यावर मात्र आमचे जमणार नाही. आकडा एकदा छापला, की पुढचा संपादक कारण वाचणे सोडून फक्त आकडा बघेल. उंचीच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. बेन अ ख्लायववर उभे राहिल्यावर ते ४४ सेंटिमीटर कुठे जाणवतात?

धागाकर्ता : खिंडवाट

ते तिथे जाणवत नाहीत, हे खरे आहे. मी त्या डोंगरावर २०१२ नंतर गेलो. शेनाव्हलच्या बॉथीत, म्हणजे डोंगरातल्या उघड्या निवारा-झोपडीत, रात्र काढून पहाटे नदी ओलांडली, गुडघ्यापर्यंत पाणी होते, आणि समोरचा उतार इतका उभा होता की पहिल्या तासात बोलायला श्वास उरला नाही. माझ्यासोबतच्या दोघांनी तो डोंगर वगळून उरलेल्या पाचांकडे थेट जायचे ठरवले होते. मी तो चढलो, कारण मला फेरी पुरी करायची होती. तरीही माझ्या नोंदवहीत मी तो मन्रोंच्या रकान्यात लिहिलेला नाही, शेजारच्या रकान्यात ‘९१३.९६’ असे लिहून ठेवले आहे. उंचीच्या बाबतीत तो का वगळला हे त्या एका आकड्यावरून माझ्या नोंदवहीलाही कळते. स्टॉब ना दोइरेच्या ओळीसमोरचा तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.