क्रूझवर वडिलांची दाढी सलूनवाल्याकडून नीट करून मिळते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. पुढच्या महिन्यात आईनानांना घेऊन सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत अशी क्रूझ करतोय. लहान भाऊ तिकडे नोकरीला आहे, त्यानेच बुकिंग केलंय, दोघांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत म्हणून. व्हिसा, विमान, मेडिकल इन्शुरन्स, आईचं बिनकांदालसणाचं जेवण, सगळं मार्गी लागलंय. अडलंय फक्त एका गोष्टीवर. ऐकायला ती बारीक वाटेल पण आमच्या घरात बारीक नाहीये. नानांची दाढी.

नाना ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांनी आयुष्यात स्वतःची दाढी स्वतः केलेली नाही. बोरीकाठच्या गावात लहानाचे मोठे झाले, तिथे तेव्हा बलुत्याची पद्धत होती, दाढीहजामत करणारे बाबा धोपटी घेऊन घरोघरी यायचे, ओट्यावर पाट टाकून बसायचे आणि वर्षाचं धान्य खळ्यावरून घेऊन जायचे. पुढे नाना अमळनेरला शाळेत मास्तर झाले तेव्हापासून एकच दुकान, भिंतीवर सेना महाराजांचा फोटो, एक दिवसाआड सकाळी साडेसातला हजर. गुरुवार शनिवार नाही, एकादशीला नाही, बाकी खंड नाही. खुंट वाढलेल्या तोंडाने ते कधी वर्गात गेले नाहीत, कोणाच्या लग्नात गेले नाहीत, दवाखान्यात भरती होते तेव्हासुद्धा डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुकानातल्या काकांना बोलावून घेतलं होतं.

आता दोन अडचणी आहेत. एक म्हणजे हात थरथरतात, म्हणजे रेझर हातात देणं शक्यच नाही. आणि दुसरं, अँजिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, बारीकसं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. दुकानातले काका हे ओळखून आहेत, ते उलटा हात मारतच नाहीत, एकच सुलटा हात, आणि ब्लेड नानांसमोर पाकिटातून काढतात.

तर नाना म्हणतात, "तठे मनी दाढी कोन करी?" मी आधी हसण्यावारी नेलं पण ते खरंच अडून बसलेत, म्हणतात तुम्ही तुमच्या आईला घेऊन जा, मी घरी राहतो. तिसऱ्या रात्री बोटीवर सगळे चांगले कपडे घालून जेवायला जातात, त्याच रात्री आम्ही केक कापणार आहोत, फोटो काढणार आहोत, आणि नानांना तिथे चार दिवसांचे पांढरे खुंट घेऊन बसायचं नाहीये. मला त्यांचं शंभर टक्के पटतं. माणसाने जन्मभर जे जपलं ते आपण म्हातारपणी 'राहू द्या ना आता' म्हणून सोडायला लावायचं नसतं.

भावाने अॅपमध्ये बघितलं, स्पाच्या यादीत पुरुषांची गरम टॉवेलची दाढी आहे आणि रेट डॉलरमध्ये आहे. रेटचं काही नाही, ते आम्ही बघू. मला विचारायचंय ते असं की तिथे दाढी करणारा माणूस खरंच त्यातला असतो का मसाजवालीच करते, वस्तरा वापरतात का साधं रेझर, गोळ्या चालू असलेल्या माणसाची दाढी करायला नाही म्हणतात का, बोट हलत असताना ब्लेड चालवणं कितपत बरं, आणि हे जमणारच नसेल तर मी स्वतः नानांची दाढी करायला शिकू शकतो का, म्हणजे महिनाभरात येईल का ते. कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद, जळगावहून

भाऊ, आम्ही मागे क्रूझ केली तेव्हा मिस्टरांनी हौस म्हणून ही दाढी करून घेतली होती. वस्तरा नव्हता, आपलं नेहमीचं काडतूसवालं रेझर होतं. निम्मा वेळ गरम टॉवेल आणि चेहऱ्याचा मसाज, दाढी अशी पाच सात मिनिटांचीच. मुलगी मन लावून करत होती पण हनुवटीखाली खुंट राहिलेच, मिस्टर केबिनमध्ये येऊन परत आरशासमोर उभे राहिले. आणि शेवटी क्रीम घ्या, सीरम घ्या असं बराच वेळ चाललं, ते आधीच गोड शब्दात नको म्हणून टाका. आराम म्हणून छान आहे, पण काकांना जशी लागते तशी गुळगुळीत होईल असं धरून चालू नका.

प्रतिसाद, मूळ भुसावळ, सध्या नाशिक

मी बोटीवर हाउसकीपिंगला होतो, म्हणून आतलं थोडं सांगतो. बऱ्याच कंपन्यांच्या बोटीवर स्पा आणि सलून बोटीचं स्वतःचं नसतं, ठेक्यावर दिलेलं असतं, वनस्पावर्ल्ड नावाची कंपनी जगभरातल्या पुष्कळ बोटींवर हेच काम करते, तिचं आधीचं नाव स्टायनर. म्हणून बोट कोणतीही असो यादी साधारण एकसारखीच दिसते. माणसं मात्र बोटीगणिक वेगळी. काही नव्या मोठ्या बोटींवर वेगळं बार्बर शॉपच असतं, व्हर्जिनच्या बोटींवर स्टबल अँड ग्रूम नावाचं आहे, तिथे त्यातला माणूस मिळतो. तुमच्या बोटीवर वेगळं बार्बर शॉप आहे का एवढं भावाला आधी बघायला सांगा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

ट्रीटमेंटच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, आजार कोणते, गोळ्या कोणत्या. त्यात खरं तेच लिहा. रक्त पातळ करायची गोळी दिसली की काही जण ब्लेड लावायला नाही म्हणू शकतात, तो त्यांचा नियम असतो, त्यावर वाद घालून उपयोग नाही. म्हणून बोटीवर चढल्या दिवशीच स्पामध्ये नानांना घेऊन जा, त्या दिवशी बहुतेक बोटींवर स्पा बघायला उघडा असतो, समोरासमोर विचारा की कोण करणार, रेझर कोणतं, आणि फक्त सुलटा हात मारणार का. फोनवर अॅपवर हे कळत नाही. रेटवर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो आणि अपॉइंटमेंट मोडायची तर बहुतेक ठिकाणी २४ तास आधी सांगावं लागतं नाहीतर पैसे जातात.

हलण्याचं म्हणाल तर तुमचा रूट बरा आहे. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला आहे, तिथे पाणी बहुतेक वेळा शांत असतं, वादळी सर आली तर तेवढ्यापुरती. पण एक लक्षात ठेवा, स्पा बहुतेक बोटींवर वरच्या मजल्यावर आणि पुढच्या टोकाला असतो आणि बोट हलते तेव्हा सगळ्यात जास्त तिथेच जाणवतं. म्हणून अपॉइंटमेंट बोट बंदराला लागलेली असते त्या दिवसाची घ्या. बोट स्थिर, स्पा रिकामा, घाई नाही, आणि बंदराच्या दिवशी पुष्कळदा रेटसुद्धा कमी असतो. बाकी लोक खाली उतरून फिरायला जातात तेव्हा तुम्ही नानांना घेऊन वर जा. फुकेतला मात्र काही बोटी धक्क्याला न लागता समुद्रातच नांगर टाकतात आणि छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात, तेव्हा पेनांगचा दिवस बघा, तिथे जॉर्जटाउनला बोट धक्क्यालाच लागते.

प्रतिसाद, चाळीसगावहून

माझं सलून आहे, वडलांपासूनचं. स्पाचं वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे, मी तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो. महिनाभरात येईल का, तर हो, येईल. वस्तरा नाही येणार, त्याच्या नादी लागू नका, अर्ध्या ब्लेडचा असो नाहीतर धार लावायचा, तो हात बसायला वर्ष जातं, आणि बोटीवर नेऊही देणार नाहीत. पण साध्या काडतुसाच्या रेझरने दुसऱ्याची दाढी करणं कोणीही शिकू शकतं.

म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, कापतं ते धारेने कमी आणि सुरकुतीत पातं अडकल्याने जास्त. म्हणून डाव्या हाताचं काम उजव्यापेक्षा मोठं आहे. कानाजवळ कातडी वर ताणून धरायची, मग गालावर वरून खाली छोटे छोटे हात, बोटभर लांबीचे, प्रत्येक हातानंतर रेझर पाण्यात. दाब द्यायचाच नाही, रेझरचं जे वजन आहे तेवढंच पुरे. नानांना कवळी असेल तर ती तोंडातच राहू द्या, लोक दाढीच्या वेळी काढून ठेवतात आणि मग गाल आत जातात, तिथेच कापतं. कवळी नसेल तर त्यांना आतून जिभेने गाल बाहेर ढकलायला सांगा.

गळ्यावर केसांची दिशा बदलते, पुष्कळांचे केस तिथे खालून वर उगवलेले असतात. कोरड्या तोंडावर हात फिरवून बघा, जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलटी बाजू, जिकडे खरखरतं ती उलटी. सुलट्या बाजूनेच करा, एकदाच. उलटा हात मारला की दाढी काचेसारखी होते हे खरं, पण गोळ्या चालू असताना तो हट्ट नको. तुमच्या दुकानातले काका हे जाणतात म्हणून एकच हात मारतात, मोठा अनुभवी माणूस आहे तो.

सुरुवातीला घाई केली तर बिघडतं ते भिजवण्यात. आंघोळ झाल्यावर लगेच करा, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन तीन मिनिटं तोंडाला धरा, मग ब्रशने फेस, आणि फेस लावून परत दोन मिनिटं थांबा. चार दिवसांचा खुंट असेल तर आधी ट्रिमरने बारीक करून घ्या, नाहीतर पात्यात केस अडकून ओढ बसते. बसवायचं खुर्चीत, मागे उशी लावून, डोकं भिंतीला टेकलेलं पाहिजे. केबिनच्या बाथरूममध्ये जागा नसते म्हणतात तर बाहेर खिडकीपाशी बसवा, उजेड चांगला मिळेल.

आणि शिकायचं कुठे, तर तुमच्याच काकांच्या दुकानात. त्यांना सगळं सांगा, नानांची दाढी चालू असताना शेजारी उभे राहा, मग एक गाल त्यांनी करायचा एक तुम्ही. आपल्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला असं कोणी विचारलं तर तो नाही म्हणणार नाही. नानांचा पण धीर चेपेल, कारण काका शेजारी असतील.

प्रतिसाद, धुळ्याहून

डॉक्टर आहे, थोडक्यात लिहिते. दाढीसाठी म्हणून गोळी एक दिवसही बंद करू नका, स्टेंट असलेल्या माणसाने तर मुळीच नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना सगळ्यात सुरक्षित म्हणजे इलेक्ट्रिक शेव्हर, तो आत्तापासूनच घरी वापरून बघा, नवीन शेव्हरला कातडी सरावायला दोन तीन आठवडे लागतात. कापलंच तर स्वच्छ कापूस किंवा गॉज घट्ट दाबून धरायचा, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, पाच ते दहा मिनिटं सलग. तुरटी चालते पण स्वतःची न्या. सलूनमधली सगळ्यांना लावलेली तुरटी किंवा जुनं ब्लेड नको, हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर ७ दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. उन्हात तोंड भाजलं असेल त्या दिवशी ब्लेड लावू नका, डेकवर टोपी घालायला लावा.

शेव्हर विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, बॅटरीच्या वस्तू तिथेच बऱ्या. सुटी ब्लेडं मात्र चेक-इनच्या बॅगेत. बोटीवर प्लग वेगळे असतात, अॅडॅप्टर न्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चाळीसगावच्या दादांचा प्रतिसाद नानांना मोठ्याने वाचून दाखवला, कवळीचं ऐकून म्हणाले हा माणूस जाणकार आहे. काल दुकानात जाऊन काकांशी बोललो, ते लगेच हो म्हणाले, उद्यापासून डावा गाल माझ्याकडे.

ठरवलं असं की घरी शेव्हरची सवय आजपासून लावायची, रेझर मी शिकून घ्यायचं, आणि पेनांगच्या दिवशी सकाळी स्पामध्ये समोरासमोर विचारून बघायचं, त्यांचं उत्तर पटलं तर तिथे, नाही पटलं तर केबिनमध्ये मी. नाना अजून पूर्ण हो म्हणाले नाहीत पण पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय.

एकच विचारायचं राहिलं, भुसावळच्या दादांना. केबिनमध्ये दाढी करायची झाली तर गरम पाण्याचा तांब्या आणि आरामाची खुर्ची हाउसकीपिंगवाल्यांकडे मागितली तर देतात का, आणि ते आधी ईमेलवर कळवायचं का चढल्यावर सांगितलं तरी चालतं?