रात्रीचं पाणी तोडू नका

कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू पहाटे घरात मुततंय म्हणून संध्याकाळपासून पाणीच बंद करा, हा इथं कुणीतरी दिलेला सल्ला काही पटला नाही. वयाच्या महिन्यांत एक मिळवा, साधारण तेवढेच तास पिल्लू लघवी धरतं. म्हणजे तीन महिन्यांचं असेल तर 4 तास, तेही जेमतेम. दहाला झोपवलं तर दोनला गजर लावून उठायलाच लागतंय बघा. जेवण सातपर्यंत उरका, पाण्याची वाटी झोपायच्या तासभर आधी उचला, बास.

बाहेर नेलं की खेळ नाही, लाड नाहीत. रोज त्याच कोपऱ्यात उभं राहायचं, झालं की लगेच शाबासकी. खानापूरकडच्या जुलैच्या पावसात पिल्लू उंबऱ्यावरच अडतं, पाय भिजवायला तयार नसतं. मग पडवीत कोरड्या मातीचं घमेलं ठेवा. माती बदलताना जुनी मूठभर त्यात राहू द्या, वासानं त्याला जागा कळते. याच कारणानं फरशीवरचा वास मात्र पुरता घालवायचा.

मुतात नाक घासणं अजिबात नको; त्यानं ते फक्त लपून मुतायला शिकतं. आणि शिकलेलं पिल्लू अचानक थेंबथेंब करायला लागलं तर ओरडू नका, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.