मदत हवी आहे: हिमालयन ४११च्या पुढच्या शॉकअपची स्प्रिंग आणि ऑइल घरीच बदलायचंय

मंडळी, गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, बीएस-फोर. माझं वजन ९४ किलो, मागे बायको आणि सुट्टीत दोन्ही बाजूंना सामान. मोकळ्या रस्त्याला काही तक्रार नाही. पण वरंध घाट उतरताना पुढचा ब्रेक धरला की गाडी नाक टेकते, आणि नेमका तेव्हाच खड्डा आला की शॉकअप तळाला जाऊन 'ठक्'! हँडलवरून थेट मनगटात. ऑइल सील कोरडे आहेत, कोनसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) खेळ नाही.

रबरी बूट वर सरकवून पाइपला केबल टाय बांधून मोजलं. मी एकटा बसलो तरी ८२ मिमी दबतंय. ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअपची पूर्ण हालचाल, २०० मिमी, तेव्हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, ६५ च्या आसपास असायला हवं ना?

गॅरेजवाले काका म्हणतात, स्प्रिंगला काही होत नसतं, जाड ऑइल टाकतो, टणक होईल. मला ते पटलं नाही, म्हणून प्रोग्रेसिव्ह (दाबेल तशी टणक होत जाणाऱ्या) स्प्रिंगच्या जोडाचं किट मागवलंय. आता अडलंय ते असं: ऑइल मिलीने मोजून ओतायचं की पातळी बघून? खालचा अ‍ॅलन बोल्ट न खोलता शॉकअप उलटा करून काम भागेल का? आणि स्प्रिंगची दाट वेटोळ्यांची बाजू वर की खाली? सॉकेट सेट, टॉर्क रेंच आहे. शॉकअप मात्र कधी उतरवलेले नाहीत.

पानाबहाद्दर:
वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. जाड ऑइल टाकलं तरी तुम्ही बसल्यावर ८२ चे ८२ च राहणार, फक्त तिथवर जायला जरा वेळ लागेल. वर परतायलाही तितकाच वेळ. लागोपाठ खड्डे आले की शॉकअप वर यायच्या आत पुढचा खड्डा हजर, आणि गाडी दबलेलीच धावते. तेव्हा स्प्रिंग मागवलीत ते बरोबर. ऑइल किटवाल्याने सांगितलेलंच घ्या. '१० डब्ल्यू' लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या बाटल्या सारख्या पातळ असतीलच असं नाही, ४० अंशाचा सेंटीस्टोक्सचा, म्हणजे दाटपणाचा, आकडा बघा.

पातळी की मिली? पातळी, डोळे झाकून. शॉकअप उलटा करून कितीही पंप केलात तरी जुनं ऑइल थोडं आत राहतंच. वरून पुस्तकातलं पूर्ण माप ओतलंत तर जास्त होणार. आत वर जी हवा उरते ती शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. ऑइल जास्त म्हणजे हवा कमी, शॉकअप शेवटाला दगड होतो आणि सील बाहेर ढकलला जातो.

मोजायचं असं: स्प्रिंग बाहेर, शॉकअप उभा, पाइप पूर्ण खाली दाबलेला. ऑइल अंदाजापेक्षा किंचित जास्त ओता, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश पंप करा, थोडा वेळ तसाच ठेवा. मग मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावा, पाइपच्या काठापासून किटवर दिलेल्या अंतरावर नळीला खूण करा, खूण काठाला धरा आणि ओढा. हवा यायला लागली की पातळी बरोबर. दोन्ही बाजू सारख्या हव्यात.

सील कोरडे असतील तर खालचा बोल्ट खोलू नका. आतला रॉड बोल्टबरोबर फिरत बसतो आणि घरी तो धरायला हत्यार नसतं. निघालेलं ऑइल करडं आणि घाण वासाचं असेल, घाबरू नका. तांबूस चुरा दिसला तर मात्र बुश (पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्या) गेलेत, मग पूर्ण खोलावं लागेल.

दाट बाजू किटच्या कागदावर असेल तशी. काही लिहिलं नसेल तर वर, म्हणजे चाकाबरोबर हलणारं वजन कमी राहतं.

घाटवेडा:
सामान कमी करा हा फुकटचा उपाय कुणी सुचवला नाही अजून! 😄 वहिनींना विचारून.

धागाकर्ता:
विचारलं. तुम्हीच समजून घ्या.
पानाबहाद्दर दादा, खूप आभार. वरचं झाकण उघडताना स्प्रिंग उडते म्हणतात, ते कसं सांभाळायचं?

पानाबहाद्दर:
शॉकअप गाडीवर असतानाच वरच्या चिमट्याचा (शॉकअप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा) बोल्ट सैल करा आणि झाकण अर्धा फेरा ढिलं करून ठेवा. नंतर टेबलावर ते हलणार नाही, नुसतं घसरत बसाल. पूर्ण काढताना वर फडकं धरा, तळहाताने दाब द्या, तोंड बाजूला. नव्या स्प्रिंगची लांबी जुनीशी जुळवून बघा, स्पेसर (लांबी भरून काढणारा नळीचा तुकडा) लागणार की नाही ते तिथेच कळेल.

चाक काढण्याआधी एबीएसच्या सेन्सरची वायर सोडवा, कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. डिस्कला ऑइलचा थेंबही लागता कामा नये. आणि बसवताना एक्सलचे बोल्ट शेवटचे आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाचदा दाबा. शॉकअपच्या दोन्ही बाजू आपापल्या जागी सरळ बसल्या की मग आवळा, नाहीतर नवी स्प्रिंग टाकूनही शॉकअप अडकत चालेल.