'भाव वाढेल बहुतेक' म्हणजे किती टक्के?

बेदाणा_शेड: तासगावच्या सौद्यात बेदाणा आत्ताच काढायचा की दिवाळीपर्यंत कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, हे आपण चार जाणकारांना विचारतो. उत्तर येतं, 'वाढेल बहुतेक.' या 'बहुतेक'वर लाखोंचा माल अडकवायचा? जाणकाराकडून टक्का काढून घ्यावाच. १९५१ साली अमेरिकी गुप्तचरांच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' लिहिली होती. तिथलेच विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना आकडा विचारला, तर कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०. आणि ते वाक्य सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं!

आडत_दुकान: मी ७० म्हणालो की तुम्ही त्यावर कर्ज उचलणार. पाऊस, अफगाणी माल, बँकेचं व्याज, या माझ्या सगळ्या शंका त्या ७० मध्ये दबून जातात. शब्दात निदान त्या दिसतात तरी. शिवाय भाव पडला की मी म्हणेन, 'उरलेले ३० आले.' मग मला धरणार कसं?

बेदाणा_शेड: एका अंदाजावर नाही धरता येत, पन्नासांवर येतं. हवामानवाल्या ब्रायर यांनी १९५० मध्येच रीत दिली. घडलं तर १, नाही घडलं तर ०. ०.७ म्हणालात आणि घडलं, तर फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९. नाही घडलं तर फरक ०.७, वर्ग ०.४९. ज्याची सरासरी कमी, तो भरवशाचा.

हिशोबनीस: आपलं विचारणंच चुकतं. 'दोनशे होईल ना?' म्हटलं की उत्तर दोनशेभोवतीच फिरतं. आधी सगळ्यात कमी भाव विचारा, मग सगळ्यात जास्त, आणि तिथे पोचला तर कशामुळे, हेही बोलतं करा. मधला आकडा शेवटी. तरी लोक कमी-जास्तमधला पट्टा अरुंदच सांगतात. चौघांना वेगवेगळं गाठा, कारण मोठा व्यापारी आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. टक्का सुचत नसेल तर दहा गोट्यांची पिशवी घ्या, सात लाल. लाल निघाली तर हजार रुपये, की भाव वाढला तर हजार? कशावर पैसे लावाल? दोन्ही सारखंच वाटेपर्यंत लाल गोट्या कमीजास्त करायच्या. दहात जितक्या लाल, तोच तुमचा टक्का: सात म्हणजे ७०.

आडत_दुकान: गोट्यांचं पटलं. पण ज्याचा स्वतःचा माल पडून आहे त्याला विचारू नका, तो तेजीच सांगणार. आणि सीझन वर्षाला एकच. तुमचे पन्नास अंदाज भरेपर्यंत मी म्हातारा होईन.

बेदाणा_शेड: सीझन एक, प्रश्न पुष्कळ. मार्चात अवकाळी शेडवर येईल का? पुढच्या सौद्याला आवक वाढेल का? प्रत्येकाचा आकडा वहीत. तुमच्यापासूनच सुरू करतो: दसऱ्याआधी किलोमागे दहा रुपये वाढायला किती लाल गोट्या?

आडत_दुकान: सहा. अफगाणी माल लवकर उतरला तर चार. दोन्ही लिहून ठेवा, तारखेसकट.