‘जेवलीस का?’ हे नक्की कोण विचारतंय?

भाची दहावीत आहे, सोलापुरात पूर्व भागात घर, शेजारी दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट. तिनं कविता लिहिलीय, तीन कडवी, प्रत्येकाच्या शेवटी ‘जेवलीस का’ येतं. पहिल्यात आई विचारते हे कळतं, दुसऱ्यात मैत्रिणींचा ग्रुप गप्प आहे आणि तरी तीच ओळ, तिथं मी अडकलो. आई तर तिथं नाहीच की.

— अहो पालुपद आहे ते. अभंगात कसं, प्रत्येक चरणानंतर ध्रुवपदावर परत यायचं, शब्द तेच पण मधे जे गायलं त्यानं अर्थ सरकतो. दुसऱ्यात ते तिला ऐकायचंय, कुणी म्हणत नाहीये.

— आणि कवितेतली ‘मी’ म्हणजे भाचीच असं धरू नका, लगेच घरी चौकशी सुरू कराल 😀 शेवटच्या कडव्यात प्रश्नचिन्ह आहे का बघा बरं.

— नाहीये बे! मला टायपिंगची चूक वाटली. तिला विचारलं तर म्हणाली, मामा, रात्री माग बंद झाल्यावर मीच मला विचारते, मग चिन्ह कशाला.