बऱ्याच वर्षांनी पुन्हा धावणं : दम टिकतोय, पण नडगी दुखतेय

पायवाट :
पूर्वी अर्धमॅरेथॉनचा सराव होता, मग काही वर्षं सगळंच बंद. आता पुन्हा धावायला लागलोय. सुरुवातीला फार धाप लागायची, ती कमी झाली म्हणून अंतर वाढवलं, तर नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. थांबावं का? आणि वेळापत्रक कसं आखावं?

मंदगती :
दम आणि हाडं एकाच वेगाने परत येत नाहीत, सगळा घोळ तिथेच आहे. सराव सुरू झाला की रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि धाप कमी होते. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना, मात्र काही महिने लागतात. हाडाचं तर उलटंच असतं. नवा ताण आला की आधी जुना भाग झिजवला जातो, मग नवीन भरला जातो. मधल्या काळात हाड थोडं कच्चंच असतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला जोर आल्यासारखं वाटतं.

आधी दुखणं तपासा. घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या कडेने अंगठ्याने दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा ताणाचं दुखणं आहे, भार कमी केला की उतरतं. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत जोरात दुखत असेल, त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असला तरी सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं थांबेपर्यंत धावू नका, एमआरआयबद्दल विचारा.

पायवाट :
पट्ट्यातच दुखतंय. उडी मारून पाहिली, कळ नाही.

मंदगती :
मग आठवडाभर फक्त सायकल किंवा पोहणं. हृदयाला काम मिळतं, नडगीला हादरे बसत नाहीत. चालताना दुखायचं थांबलं की आठवड्यातून ३ दिवस, एकाआड एक : ५ मिनिटं भरभर चालणं, मग १ मिनिट धाव आणि २ मिनिटं चाल, असं ८ वेळा. दोन आठवडे हेच. पुढचे दोन आठवडे २ मिनिटं धाव, १ मिनिट चाल. नंतर धावण्याचा तुकडा ५ मिनिटांपर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला एकूण वेळ एक तृतीयांशाने कमी करा. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात कधीच वाढवू नका.

धावताना दुखणं १० पैकी ३ च्या वर जाता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्याइतकंच हवं. सकाळी जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असं समजा आणि एक पायरी खाली या.

उतारचढाव :
पोटऱ्यांचा व्यायाम सांगायचा राहिलाय. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा : गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ संच, नंतर गुडघा किंचित वाकवून तेवढेच. वाकलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला सोलियस स्नायू कामाला लागतो, धावताना मोठा भार तोच उचलतो. खाली येताना मनात ३ मोजा, धपकन टाच सोडू नका. शिवाय पावलं थोडी आखूड आणि दर मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त टाका, टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही.

जुने बूट घालत असाल तर बदला. न वापरताही तळव्याचा फोम कडक होतो, गोंद सुटतो.

नाडीवाला :
नाडी बघून वेग ठरवू नका. जास्तीत जास्त नाडी काढायचं २२० वजा वय हे सूत्र माणसागणिक १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं, आणि मनगटावरचं घड्याळ कधी कधी नाडीऐवजी पावलांचाच ठेका मोजत बसतं. धावताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, वेग बरोबर असल्याची एवढी खूण पुरे. जुने वेग सध्या पाहूच नका. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार असेल, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला.