घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

'बाबा रात्रभर घोरतात, म्हणजे झोप छान लागते' असं कुणीतरी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही काकांबद्दल वर्षानुवर्षं हेच म्हणायचे. एका रात्री त्यांचं घोरणं मध्येच थांबलं. श्वासच बंद! मग दचकून, धापा टाकत पुन्हा सुरू. काकू त्यानंतर झोपल्याच नाहीत.

हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही, फक्त दिवसभर पेंग येते. झोपेच्या तपासणीत किमान १० सेकंदांचे असे अडथळे मोजतात. तासाला ५ च्या आत असतील तर ठीक, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल, तर हा संशय घ्यायलाच हवा.

उपचार आहे. मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं सीपॅप सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगासमोर मांडलं. काका सुरुवातीला मास्कला वैतागले, आता त्याशिवाय झोपत नाहीत.

असं लिहिणाऱ्याला विचारतो: तुमचे बाबा गाडी चालवतात का? तपासणी होईपर्यंत लांबच्या प्रवासात स्टिअरिंग त्यांच्या हाती नको. आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर अजिबात देऊ नका, स्नायू आणखी सैल पडू शकतात.